‘आवडलं नाही’ लिहिलेलं पान

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मात्र खरं द्यायचं हं! एखादं गोष्टीचं पुस्तक वाचून संपलं आणि घरातल्या मोठ्यांनी विचारलं, “कसं होतं रे पुस्तक?” तर तुम्ही काय सांगता?

“छान होतं!”

बरोबर ना? आणि पुढे विचारलं, “काय छान होतं?” तर? मग आपण डोकं खाजवतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, “सगळंच छान होतं.” प्रश्न संपला, आपण खेळायला मोकळे!

आमच्या वर्गातही असंच चाललं होतं. मी चौथीच्या वर्गाची बाई. आमची शाळा माणदेशाच्या कडेला, माळावर आहे. वर्गात एक छोटं कपाट आहे. त्यात गोष्टीची पुस्तकं, काही नवी कोरी, काही तुमच्या आजोबांच्या वयाची. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी कपाटाला सुतळीनं एक वही बांधली. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मत-वही’. ज्यानं पुस्तक वाचलं, त्यानं त्यात आपलं मत लिहायचं.

पंधरा दिवसांत वहीची आठ पानं भरली. मी आनंदानं उघडली आणि वाचू लागले. पहिलं मत : ‘पुस्तक खूप छान आहे. त्यातून चांगला बोध मिळतो.’ दुसरं मत : ‘पुस्तक खूप छान आहे. त्यातून चांगला बोध मिळतो.’ तिसरं? तेच! चौथ्यात फक्त ‘सर्वांनी वाचावे’ एवढं जास्त होतं. जणू एकच मूल आठ पानं लिहीत बसलं होतं.

नवव्या पानावर मात्र वेगळं काहीतरी होतं. पुस्तकाचं नाव होतं ‘श्यामची आई’. आणि खाली दोनच शब्द : ‘आवडलं नाही’.

आता माझी चूक सांगते. मोठी माणसं आपल्या चुका मुलांना सहसा सांगत नाहीत, पण ही सांगायलाच हवी. मी त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. म्हटलं, “साने गुरुजींचं पुस्तक तुला आवडलं नाही? सगळा महाराष्ट्र हे पुस्तक वाचून रडला, आणि तुला आवडत नाही?” वर्ग फिदीफिदी हसला. तो काहीच बोलला नाही. वही घेऊन जागेवर गेला, खोडरबर काढला आणि ते दोन शब्द खोडले. इतके जोरात खोडले की कागदाला भोक पडलं. मग भोकाच्या शेजारी त्यानं लिहिलं, ‘पुस्तक खूप छान आहे. त्यातून चांगला बोध मिळतो.’

त्या रात्री मी वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. ते पान समोर आलं. भोकातून मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. आणि माझ्या लक्षात आलं, की ज्या पुस्तकात खरं बोलायला शिकवलंय, त्याच पुस्तकाबद्दल मी एका मुलाला खोटं लिहायला लावलं होतं.

मुलांचं मत कोण विचारतो?

पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटायला एक तास असताना, मी मुलांना गोलात बसवलं आणि तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या. तुम्हीही ऐका.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. लुइझा मे अल्कॉट नावाच्या लेखिकेला थॉमस नाइल्स या प्रकाशकानं सांगितलं, मुलींसाठी एक गोष्ट लिहा. तिनं चार बहिणींची गोष्ट लिहायला घेतली आणि पहिली प्रकरणं पाठवली. नाइल्सला ती कंटाळवाणी वाटली. खुद्द लेखिकेलाही तसंच वाटत होतं! मग त्यानं ते कागद आपल्या भाचीला वाचायला दिले. आणि ती पोरगी ते सोडेचना! भाचीला आवडलं म्हणून पुस्तक पुढे गेलं आणि १८६८ साली छापून आलं. तेच ते ‘लिटल विमेन’. आपल्या शांता शेळक्यांनी ‘चौघीजणी’ या नावानं ते मराठीत आणलंय. पुढे वाचकांनी लेखिकेला पत्रं पाठवून हट्ट धरला, की ज्यो आणि लॉरी यांचं लग्न लावा. तिनं मात्र ते काही ऐकलं नाही. वाचकांनी मत द्यावं, पण लेखकानं ते ऐकलंच पाहिजे असं नाही, हेही यातून कळतं.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली, १९३६ सालची. स्टॅन्ली अन्विन हे मोठे प्रकाशक. मुलांची पुस्तकं आली की ते आपल्या मुलाला वाचायला देत आणि लेखी मत मागत. मताबद्दल त्याला एक शिलिंग मिळे. त्याचं नाव रेनर, वय वर्षं दहा. म्हणजे तुमच्याएवढाच! एकदा एका प्राध्यापकांची गोष्ट आली. रेनरनं वाचली आणि लिहून दिलं, गोष्ट चांगली आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहा वर्षांचा ना, म्हणून नऊपर्यंतच! ती गोष्ट म्हणजे टॉल्किन यांचं ‘हॉबिट’. ते १९३७ साली आलं आणि आजही जगभर वाचलं जातं.

तिसरी गोष्ट रागावलेल्या वाचकांची. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर तुम्हांला ठाऊक असेल. त्याच्या कथा लिहून लिहून आर्थर कॉनन डॉयल कंटाळले, आणि १८९३ सालच्या एका कथेत त्यांनी होम्सला मारून टाकलं. वाचक असे चिडले की हजारोंनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली. कॉनन डॉयल बरीच वर्षं बधले नाहीत. अखेर १९०३ साली होम्स जिवंत परतला. तो दरीत पडलाच नव्हता म्हणे!

गोष्टी संपल्यावर मी म्हटलं, “मुलांनो, त्या प्रकाशकांनी मुलांचं खरं मत विचारलं. मी मात्र गेल्या शनिवारी एका खऱ्या मताला रागावले. माझं चुकलं.” वर्ग एकदम गप्प झाला. बाईंचं चुकतं, ही बातमी त्यांना नवी असावी!

मग आम्ही मत-वहीचे नियम नव्यानं ठरवले. नियम तीनच. एक, ‘छान’ आणि ‘बोध’ हे दोन शब्द महिनाभर बंद. दोन, आवडलं किंवा नाही आवडलं, काहीही लिहा, पण ‘का’ ते लिहा, आणि पुस्तकातली ती जागा दाखवा. तीन, दुसऱ्याच्या मताला हसायचं नाही. भांडायचं असेल तर पुस्तक हातात घेऊन भांडायचं.

वही बोलू लागली

आणि काय सांगू, वही बोलू लागली!

भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त फिरला होता. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि ते ‘टॉक्’! एकानं लिहिलं, ‘फास्टर फेणे काडीसारखा आहे तरी घाबरत नाही म्हणून आवडला.’ त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘पण तो जिथं जातो तिथं चोर कसा काय असतो? आमच्या गावात दोन वर्षांत एकच चोरी झाली, कोंबडीची.’ आता हे मत हसण्यासारखं वाटेल. पण विचार करा हं! गोष्टीत योगायोग किती असावेत, यावर मोठमोठे समीक्षक पानंच्या पानं लिहितात. आमच्या पठ्ठ्यानं ते एका कोंबडीत सांगितलं.

दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ एका मुलीला फार आवडला. कारण काय? ‘तो शहाणा मुलगा नाही. खोड्या करतो, पण मनानं चांगला आहे. जुन्या पुस्तकातली मुलं फार शहाणी असतात.’ तिच्या शेजारणीला हे पटलं नाही. तिनं ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ कपाटातून काढला आणि म्हणाली, “हा जुनाच आहे, आणि वाचून बघ, मग बोल!” आठवडाभर त्या दोघींची जुंपली होती. त्या भांडणापायी वर्गातल्या निम्म्या मुलांनी ‘गोट्या’ वाचून काढला. मी नुसतं ‘वाचा वाचा’ म्हणून कधी एवढी मुलं वाचती झाली नव्हती.

‘श्यामची आई’बद्दल एका मुलीनं लिहिलेलं मत तर मी आजवर विसरले नाही. या पुस्तकात पहिल्याच रात्री सावित्रीव्रताची गोष्ट आहे. आई आजारी असते, म्हणून तिच्या वतीनं श्याम वडाला प्रदक्षिणा घालायला जातो. बायकांचं काम करायला तो आधी लाजतो. आमच्या मुलीनं लिहिलं : ‘श्यामनं एकदा आईचं काम केलं तर त्याची गोष्ट झाली. मी रोज आईचं काम करते. पाणी आणते, भांडी घासते. माझी गोष्ट कुणी लिहीत नाही. तरी मला पुस्तक आवडलं, कारण श्यामची आई त्याला म्हणत नाही की तू मुलगा आहेस, तू करू नको.’

वाचलंत? तिनं तक्रारही केली, कौतुकही केलं, आणि दोन्हींची जागा पुस्तकात दाखवली. मी तिला सांगितलं, “अगं, तुझ्यासारखा प्रश्न फार पूर्वी एका लेखकालाही पडला होता.” हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्यात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमाक्रमानं येत असे. त्यात यमू नावाची मुलगी स्वतःच आपली हकिगत सांगते. त्या काळी मुलींची लहानपणीच लग्नं होत. नवरा वारला तर त्या मुलीच्या वाट्याला काय काय येई, ते यमू सांगते. तुम्ही मोठे झालात की ती जरूर वाचा. नावातच प्रश्न आहे, बघा. आपल्या वहीतल्या मुलीचाही तोच प्रश्न नव्हता का?

भोक पडलेलं पान

हे सगळं चालू असताना तो मुलगा मात्र काहीच लिहीत नव्हता. पुस्तकं नेत होता, परत आणत होता. वहीकडे फिरकत नव्हता. मीही विचारलं नाही. एकदा खोडायला लावल्यावर पुन्हा ‘लिही’ म्हणायचं कुठल्या तोंडानं?

एक दिवस मधल्या सुट्टीत तो आपणहून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “बाई, ते पुस्तक वंगाळ न्हाय.”

“मग रे?”

“शेवट वाचल्यापासनं मला रात्री झोप लागंना.”

मग मला सगळं उमगलं. त्याचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की त्याचे आईवडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. पोराची शाळा बुडू नये म्हणून तो आजोबांपाशी राहतो. आणि ‘श्यामची आई’च्या शेवटी काय होतं? श्याम शिक्षणासाठी दूर असतो आणि इकडे त्याची आई जाते. तो तिच्याजवळ नसतो. माझ्या बाकीच्या मुलांनी ती गोष्ट वाचली, डोळे पुसले आणि घरी जाऊन आईच्या हातची भाकरी खाल्ली. याची आई मात्र त्या वेळी कुठल्या तरी रानात, पालात होती.

मी मोबाइल काढून त्याच्या आईला फोन लावला. रेंज मिळेना. तिसऱ्या वेळी लागला. मागून मेंढरांचा आवाज येत होता. आई म्हणाली, “जेवलास का?” तो म्हणाला, “व्हय.” बोलणं एवढंच झालं. मग तो खेळायला पळाला.

मित्रांनो, त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. मला वाटत होतं, ‘आवडलं नाही’ म्हणजे ‘पुस्तक वाईट आहे’. तसं नसतं. एखादं पुस्तक चांगलं असूनही आपल्याला आवडत नाही, आणि कधी कधी तर ते फार खरं असतं म्हणूनच आवडत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ही सगळी माहिती मी वर्गाला दरवर्षी सांगते. पण त्या पुस्तकाची ताकद मला त्या दोन शब्दांनी कळली, आणि तेच मी खोडायला लावले होते.

आबांचं मत

गोष्ट इथं संपत नाही. त्या मुलासाठी मी घरून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणली. ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा भरवतो, लोकांशी त्याचा जीव जडतो, सगळे मिळून तालीम बांधतात आणि मग दुष्काळ पडतो. पुस्तक मोठ्यांचं आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, “एकटा वाचू नको. आबांना वाचून दाखव.”

रोज रात्री दोन-तीन पानं, असं वाचन चाललं. महिनाभरानं आबा स्वतः शाळेत पुस्तक परत करायला आले. डोक्याला पटका, हातात काठी. आबांना वाचता येत नाही. मी मुलांना म्हटलं, “आज मत-वहीत आबांचं मत लिहायचं.” एकानं पेन्सिल सरसावली.

आबा म्हणाले, “लिवणाऱ्याला आमची माणसं ठावं हायती. बोलणं-चालणं समदं बराबर हाय.”

“आणि शेवट, आबा?” मी विचारलं. शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते आणि मास्तरही निघून जातो. ते वाचताना माझ्या डोळ्यांत नेहमी पाणी येतं.

आबा जरा थांबले. म्हणाले, “बाई, त्यो शेवट मास्तराचा हाय. गाव उठलं की मास्तराची गोष्ट सपली. आमची तितनं सुरू हुती.”

१९७२ च्या दुष्काळात आबा लहान होते. मेंढरांमागून चालत चालत किती गावं पालथी घातली, ते त्यांनी तासभर सांगितलं. त्या दिवशी भूगोलाचा तास झालाच नाही, आणि भूगोल मात्र भरपूर झाला.

मी ‘बनगरवाडी’ पाच-सहा वेळा वाचली असेन. परंतु मी मास्तरीण! मी ती नेहमी मास्तरांच्या डोळ्यांनीच वाचली होती. वाडी सोडून गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. अक्षर न वाचणाऱ्या माणसानं मला माझं आवडतं पुस्तक पुन्हा वाचायला लावलं.

आईबाबांसाठी दोन शब्द

हे पान मुलांबरोबर त्यांचे आईबाबाही वाचतात, म्हणून थोडं त्यांच्याशी बोलते.

आपण मुलांना विचारतो, “पुस्तकातून काय शिकलास?” हा प्रश्न ऐकला की मूल परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतं. त्याऐवजी विचारून बघा, “कुठलं पात्र तुला घरी जेवायला बोलवावंसं वाटतं? कुणाचा राग आला? तू असतास तर काय केलं असतंस?” मग बघा, मूल बोलता बोलता थांबत नाही.

आणि मूल ‘आवडलं नाही’ म्हणालं तर लगेच रागावू नका. कधी पुस्तक त्याच्या वयाला जड असतं, कधी भाषा जुनी वाटते, आणि कधी त्या दोन शब्दांमागे दुसरंच काही असतं. तो आपल्याशी पुस्तकाबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं, आणि तो स्वतःबद्दल सांगत असतो. तिथंच आपण थांबून ऐकायला हवं. अभिजात पुस्तक म्हणजे सगळ्यांनी हात जोडून ‘छान’ म्हणावं असं पुस्तक नव्हे. पन्नास-शंभर वर्षांनीही ज्याच्याबद्दल आजोबा एक बोलतात, नात दुसरं बोलते आणि दोघांनाही बोलावंसं वाटतं, ते अभिजात. नव्या पुस्तकांतली कुठली तशी टिकतील, हे आजच्या या छोट्या वाचकांच्याच हातात आहे.

जून महिन्यात पाऊस पडला आणि त्या मुलाचे आईवडील परत आले. शाळा उघडायच्या आधी एका संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीवरून जात होते. अंगणात बाजेवर तो आणि त्याची आई बसले होते. त्यानं मांडीवर ‘श्यामची आई’ उघडलं होतं आणि तो मोठ्यानं वाचत होता. आई तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटच्या काही रात्रींपैकी एक होती ती. मी आवाज न करता पुढे गेले.

शाळा सुरू झाल्यावर पाहिलं, तर मत-वहीच्या नवव्या पानावर, भोकाच्या खाली, पेननं एक नवी ओळ होती. पेननं, म्हणजे खोडता येऊ नये म्हणून असेल का? लिहिलं होतं : ‘आई आल्यावर वाचलं. आता आवडलं.’

काय मग मुलांनो, एक वही घेणार ना? पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव लिहा आणि खाली अगदी खरं मत. मात्र ‘का’ लिहायला विसरू नका हं! आणि खोडरबर दूरच ठेवा.